साहेबांची शिट्टी

सासूबाईंना पक्ष्याचा आजार डाळीवरून कळला.

आमच्याकडचा कॉकाटेल, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करायचा. पिंजरा बैठकीच्या खोलीत, कुकर स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. सासूबाई हातातलं काम करता करता शिट्ट्या मोजायच्या. डाळीला चार. त्यातली एखादी पक्ष्याची असायची, कधी दोन. दोन वर्षं घरात डाळ दाताखाली येत होती आणि सासरे रोज तेवढंच एक वाक्य बोलत होते, "आजबी कच्ची." एप्रिलमध्ये ती सलग तीन दिवस मऊ शिजली. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी जेवता जेवता तारीफ केली. सासूबाई घास हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब बोलंना झालेत."

साहेब हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. त्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीत कारकुनीत गेली. सासूबाईंच्या सिल्लोडच्या भावाने हा पक्षी आणून दिला, तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस त्याचं निरीक्षण केलं. मग म्हणाले, "दहाला उठतो, खातो त्याच्या दुप्पट सांडतो, समोर कुणी उभं राहिलं की पाठ करतो. साहेबच हाय ह्यो." पक्षी मात्र सासूबाईंचा. त्या बोलायला लागल्या की घरातले बाकीचे एकेक करून उठतात, तो शेवटपर्यंत ऐकतो. यामागचं कारण पिंजरा आहे, असं सासऱ्यांचं मत आहे.

त्या दुपारी आम्ही त्याच्याकडे नीट पाहिलं. पिसं फुगवून तो एका कोपऱ्यात बसला होता. प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होत होतं. चोच उघडली तरी शिट्टी येत नव्हती, नुसता टिक् असा बारीक आवाज.

सासऱ्यांना दमा आहे. वाफेचं मशिन, म्हणजे नेब्युलायझर, घरात आहेच. त्या उन्हाळ्यात त्यांचाही त्रास वाढला होता. त्यामुळे घरात लगेच दोन तट पडले.

"ह्याच्या पिसांचा भुगा माझ्या छातीत गेलाय," सासरे म्हणाले.

"तुमचा खोकला त्याला लागला," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर त्याच्या तोंडावर खोकता."

"मी माझ्या घरात खोकतो."

"तोबी त्याच्याच घरात हाय."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. कोणतीही गोष्ट दोन स्वतंत्र सूत्रांकडून कळल्याशिवाय छापायची नाही, असा आमचा नियम. इथे सूत्रं दोन होती, पण दोन्ही आरोपी होती.

आम्ही आधी गेलो ते गुरांच्या दवाखान्यात. बाहेर लिंबाखाली रांग होती. आमच्या पुढे शेळी घेऊन आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "काय झालंय ह्याला?"

"धाप लागतीय," सासूबाई म्हणाल्या.

"एवढ्याशा जिवाला फुप्फुस असतं व्हय?"

"तुमच्या शेळीला असतं का?"

"शेळीला असतं."

"मग."

नंबर आल्यावर त्यांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "मी म्हशी बघतो. ह्याला हातात धरला तर भीतीनंच जाईल. गारखेड्यात एक मॅडम पक्षी बघतात, तिकडं न्या. आणि जाताना गाडी हळू चालवा."

मॅडमनी पक्ष्याला हात लावण्याआधी पंधरा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. चांगल्या बातमीदाराची पद्धत होती. घरात नॉनस्टिकची भांडी? नाहीत. अगरबत्ती? सकाळी एक, पण देव आत आहेत. रंगकाम? नाही.

"पिंजरा कुठं ठेवता?"

या प्रश्नाची सासूबाई वाटच पाहत होत्या. "कूलरसमोर. घरातली सगळ्यात गार जागा त्याचीच. ह्यांनासुद्धा बसू देत नाही मी तिथं."

"कूलरचं गवत कधी बदललं?"

"चांगलं हाय अजून. मागच्याच्या मागच्या साली घातलंय."

"आणि पाणी कोणतं घालता?"

आमच्या भागात नळाला पाणी येतं तो दिवस लोक कॅलेंडरवर खूण करून ठेवतात. पिण्याचं पाणी कूलरमध्ये ओतणाऱ्या घराकडे गल्ली वेगळ्या नजरेने बघते. सासूबाई मेथी, पालक, कोथिंबीर मोठ्या पातेल्यात धुतात, माती खाली बसू देतात, वरचं पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळतात आणि कूलरमध्ये घालतात. एक थेंब वाया जात नाही. हे त्यांनी मॅडमना पायरीपायरीने सांगितलं. फडकं दुहेरी असतं, हेही सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओलं जुनं गवत, त्यात भाजीचा कुजका अंश आणि मागून पंखा. बुरशी वाढवून ती थेट पक्ष्याच्या छातीत सोडायची याहून चांगली सोय नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "वाचंल का?"

"वजन टिकलं तर वाचेल. आवाज सगळ्यात शेवटी येतो. शिट्टी मारली की सुटला समजा." मग फाईल बंद करता करता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला श्वासाचा त्रास?"

"आमच्या ह्यांना हाय," सासूबाई म्हणाल्या. "पण त्यांना काय, असतोच."

त्याच संध्याकाळी कूलर गच्चीवर गेला. बाहेर अंगाची लाही होत होती. सासरे खुर्चीत बसून त्याची मिरवणूक पाहत होते. "चार वर्षं मी सांगतोय, ह्या कूलरचा वास येतो, माझी छाती भरते. कुणी ऐकलं? साहेबांना एकदा धाप लागली, कूलर घराबाहेर."

"तुम्ही वास येतो म्हणत होता. बुरशी म्हणला असता तर ऐकलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

उपचार महिनाभर चालले. औषधाचे थेंब, आणि दिवसातून दोनदा वाफ. मशिन सासऱ्यांचंच, औषधाची वाटी आणि नळी वेगळी. मॅडमच्या सूचनेप्रमाणे पक्ष्याला झाकणाच्या पारदर्शक डब्यात बसवायचं होतं. सासूबाईंनी दिवाळीच्या चिवड्याचा डबा काढला, त्याला भोकं पाडली. आत पक्षी धुक्यात बसायचा. बाहेर सासरे खांद्यावर टॉवेल टाकून, आपला मास्क हातात घेऊन नंबरला.

"झालं का साहेबांचं?"

"पाच मिनिटं राहिलीत."

"मशिन माझ्या नावावर हाय."

"तुम्हाला बोलता येतं. त्याला सांगता येतं का, काय होतंय ते?"

रोज सकाळी किचनमधल्या काट्यावर वजन. तो एरवी नव्वद ग्रॅमचा. मी वहीत आकडे लिहीत होते. पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी, मग ब्याऐंशी, ऐंशी. ज्या दिवशी काट्याने अठ्ठ्याहत्तर दाखवलं, त्या दिवशी सासूबाई कोणाशीही बोलल्या नाहीत. पक्ष्याशीही नाही. भिजवलेली बाजरी तळहातावर घेऊन त्या पिंजऱ्याच्या दाराशी बसून राहिल्या. संध्याकाळी वाफेची वेळ झाली तेव्हा सासरे आपल्या मास्कला नळी जोडायला उठलेच नाहीत. "मला आज काय होत नाय," ते म्हणाले. "त्यालाच धरा, माझ्या वाट्याचंबी." त्यांची छाती शेजारच्या खोलीत ऐकू येत होती. दुप्पट औषध द्यायचं नसतं, हे मी सांगितलं. सासूबाईंनी नळी मास्कला जोडली आणि तो सासऱ्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशीही काटा अठ्ठ्याहत्तरवरच राहिला. तिसऱ्या दिवशी एकोणऐंशी.

याच काळात शेजारच्या काकू चौकशीला आल्या. पक्षी पाहिला, कूलर नाही हे पाहिलं, कारण विचारलं. ते ऐकून त्या चपापल्या. "आम्ही तर तुमचं पेपरात वाचून तसंच करतोय."

हे सांगायचं राहिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात पाणीबचतीच्या सदरात सासूबाईंची युक्ती मीच छापली होती, चौकटीत. दुसरं सूत्र न शोधता.

चूक झाली की त्याच पानावर, त्याच जागी, कमीत कमी शब्दांत दुरुस्ती द्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी दोन ओळी लिहिल्या: भाज्या धुतलेले पाणी कूलरमध्ये वापरू नये, कूलरचे गवत दरवर्षी बदलावे. सासूबाईंनी त्या दोनदा वाचल्या.

"त्रास कुणाला झाला ते नाही लिहिलं तू."

"लिही की," सासरे म्हणाले. "घरातल्या एका ज्येष्ठ सदस्याला त्रास झाला."

"ज्येष्ठ म्हणजे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

दुरुस्ती दोनच ओळींची छापून आली. काकूंनी त्या दिवशी आपला कूलर अंगणात काढून धुतला. गवत कसं दिसत होतं ते त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितलं, जेवणाच्या वेळेला.

मे संपेपर्यंत सासऱ्यांची वाफ एकवेळेवर आली. श्रेय कशाला, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. "महिनाभर उकाडा सोसला, त्यानं छाती मोकळी झाली." पक्षी शहाऐंशीवर होता. शेपूट हलायचं थांबलं होतं. आवाज मात्र नव्हता. सासूबाई रोज त्याच्यासमोर तोंडाने शिट्टी मारायचा प्रयत्न करायच्या. त्यांना ती येत नाही. तो मान तिरपी करून बघायचा.

एका रविवारी मी बैठकीत पुरवणी वाचत होते, सासरे समोर बसले होते. आत कुकर. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. सासूबाई मागच्या दाराशी गवार मोडत होत्या. तिसरी झाली. चौथीला मात्र माझं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं, कारण ती तिथून आली. सासऱ्यांनीही वर पाहिलं. आत पावलं वाजली आणि गॅस बंद झाल्याचा आवाज आला. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

जेवायला बसलो. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावला आणि हात तसाच थांबला. डाळ दाताखाली आली होती. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

सासऱ्यांनी वाटी पुढे केली. "वाढ अजून," ते म्हणाले.