गजाचा उजवा हात

पडघ्याच्या बाजारात पिशवी भरत होतो, तेव्हा पुतण्याचा, गजाच्या पोराचा, फोन आला. “काका, बाबा गेले.” पिशवी तिथंच ठेवली नि दुकानाच्या पायरीवर बसलो. दीड महिना झाला, पण त्या पायरीवरून उठलोय असं अजून वाटत नाही...

गजा माझा चुलत भाऊ. मी थोडा मोठा म्हणून मला दादा म्हणायचा. ऐकायचा मात्र कधीच नाही. जवानीत भिवंडीला लूमवर ड्युटी करताना पट्ट्यानं त्याचा उजवा हात धरला. कोपराखाली चार बोटांएवढं उरलं, बाकी गेलं. पुढं मीच त्याला सरकारी दवाखान्यात ओढत नेला, दाखला काढला, अपंगाची पेन्शन चालू झाली. तिच्यावर त्याच्या बायकोच्या, मंजुळेच्या, शुगरच्या गोळ्या चालायच्या. पेन्शन घ्यायचा, पण पेन्शनचं नाव कुणाला काढू द्यायचा नाही.

आमच्या गावात लग्नाला आचारी बाहेरचा आला तरी वाढपी गावचेच. ज्याला वाढणं जमत नाही त्याला पहिल्या पंगतीला म्हाताऱ्यांत बसवतात. एकदा बसवला की त्या माणसाला परत वाढायला कोणी उठवत नाही. गजा बसलाच नाही. डाळीच्या बादलीच्या कडीला त्यानं मंजुळेच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, बादली कोपरात अडकवली नि डाव्या हातात पळी धरली. डाव्या हातानं वाढतात काय? जुनी माणसं कुरकुरली. गजा बोलला, “देवानं एकच ठेवलाय, म्हणजे हाच उजवा.” गावानं मानलं.

मागच्या उन्हाळ्यात गावात लग्न होतं. वऱ्हाड अंबाडीकडचं, त्यांना काय ठाऊक? गजा पळी घेऊन वाकला तर एका पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला.

“डाव्या हातानं? शुभकार्य हाय हो.”

“तुमाला डावा दिसतो, पावनं. आमच्या गावात इचारा.”

सगळी पंगत गजाकडं बघायला लागली. नेमकी तेव्हाच आरोग्याच्या सर्व्हेवाली पोरगी मांडवात फिरत होती. सगळा गाव लग्नाला, घरांना कड्या. म्हणून बिचारी इथंच माणसं गाठत होती. गजाचा हात बघून तिनं मोबाईल काढला. “काका, तुम्हाला अपंगत्वाची पेन्शन मिळते का?”

गजानं वर बघितलं नाही. “न्हाय. मना कशाला पायजे?”

ती माझ्याकडं वळली. मी बोललो, “तो सांगतो तेच लिव, बाय.”

मागून कोणीतरी ओरडलं, “पावनं, हात काढा, न्हायतर कोरडा भात गिळा!” मांडव हसला. पाहुणाही हसला नि त्यानं हात काढला. गजा त्या पोरीला ‘हो’ बोलला असता, तर कोणीतरी मायेनंच त्याची बादली काढून घेतली असती.

संध्याकाळी मी त्याला झापला. “येड्या, पेन्शन बंद पडली मंग? मंजुळेच्या गोळ्या?”

“दादा, पोरीनं पंगतीत इचारलं. घरी इचारती तर सांगितलं असतं.”

दुसऱ्या दिवशी त्या पोरीला एसटीच्या थांब्यावर गाठली. ती बोलली, “आजोबा, पेन्शन बंद नाही होत याने. किती जणांना मिळते ते कळावं म्हणून विचारतो. लोक सांगतात तेच आम्ही लिहितो.”

“मग घरी जाऊन इचार ना.”

“घरं फार आहेत हो...” तीही दमलेली होती.

म्हणजे सरकारच्या मोजणीत गजा अजून काहीच न मिळणारा माणूस आहे. असे आणखी किती असतील, देव जाणे. माझी शाळा थोडी, पण चारचौघांत विचारलेल्याचं उत्तर चारचौघांसाठीच असतं, एवढं मला कळतं.

तेराव्याला पंगत बसली. डाळीच्या बादल्या निघाल्या. चिंधीवालीला कोणी हात लावला नाही. जेवणं झाल्यावर मंजुळेनं ती ओट्यावरच्या खुंटीला अडकवली. चिंधी कोपराच्या आकाराची दबली होती, तशीच ती खुंटीवर बसली.

“दादा, ती पोरगी परत आली नि यांचं इचारलं तर काय सांगू?”



“खरं ते सांग,” मी बोललो. “आता पंगत उठली.”