घरात कोणालेच लकवा नाही

आमच्या घरात लकव्याला लकवा म्हणायची बंदी होती. आजा एका बाजूनं लुळा पडून गेला, बापही तसाच, पन्नाशीच्या आत. विचारलं की आई सांगायची, "वारं गेलं अंगावरून." वारं! घर शोधत येणारं, आजा झाला की बापाला गाठणारं वारं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

मी अमरावतीला बी. ए. झालो, घराण्यातला पहिला, आणि अकोल्यात नोकरीला लागलो. मोठा भाऊ तिथंच कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलायचा. त्याची मान आणि डोकं सारखं ठणकायचं. तो कपाळाला चुना फासून वर फडकं आवळायचा. भाजीवर वरून मीठ, जेवण झालं की तंबाखू. शेवटी मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा पाहिला. विचारलं, "घरात कोणाला लकवा झाला होता?"

दवाखान्याला आडपडदा नव्हता. समोरच्या बाकावर तेल्हाऱ्याचे एक पाहुणे बसले होते. त्यांच्या पोराशी माझ्या पुतणीची सोयरीक ठरत आली होती, आणि लकव्याच्या घरातली पोरगी कोणी करत नाही, हे भावाला पक्कं ठाऊक. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "नाही जी. आमच्या घरात कोणालेच नाही."

मला राहवलं नाही. "खोटं आहे, डॉक्टरसाहेब. आजा लकव्यानं गेला, बापही."

डॉक्टर चमकले. म्हणाले, रक्तदाब फार चढलाय; मीठ कमी, तंबाखू बंद, आणि बरं वाटलं तरी रोज गोळी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचाही बाप तोच ना? दंड पुढे करा."

आठ दिवसांत तेल्हाऱ्याहून नकार आला. भाऊ अंगणात गरजला, "लय शिकला तू! पोरीचं वाटोळं केलं. काहून तोंड उघडलं?"

"मंग तू मेल्यावर उघडू काय?"

"हे घे तुया गोळ्या. तूच खाय, बी. ए. साहेब!" त्यानं पुडी भिरकावली.

पुतणी आतून आली. तिनं पुडी उचलली, एक गोळी काढली. "बाबा, तुमचं दुखणं लपवून जे सासर भेटते, ते मले नाही पायजे. आ करा."

भावानं गोळी गिळली. माझ्याशी मात्र वर्षभर बोलला नाही. न बोलो. मी दर महिन्याला त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो, आणि तो मुकाट्यानं पायताण चढवून दवाखान्याची वाट धरायचा, माझ्या चार पावलं पुढं.