दगडाची मागची बाजू

दफनभूमीच्या फाटकाशी छिन्नीकाकांचं पत्र्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं मेलेल्यांची नावं दगडावर कोरून त्यांनी पोट भरलं, आणि त्याबद्दल बोलायला बसले की थांबायचं नाव नाही. वडिलांच्या काळी म्हणे दगडावर अख्खा माणूस उतरायचा: कशाने गेला, काय कामधंदा करायचा, मागे कोण रडतंय. आताच्या गिऱ्हाइकांना नाव, दोन तारखा आणि हसरा फोटो पुरतो. ‘मृत्यू’ हा शब्द तेवढा नको, बघायला बरं वाटत नाही म्हणे! मरणाचीसुद्धा लाज वाटायला लागली लोकांना, असं म्हणत काका मनसोक्त तोंडसुख घ्यायचे.

एक गोष्ट मात्र ते कधी सांगत नसत. ज्या थडग्यांकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नसे, त्यांचे दगड काका कार्यालयाच्या परवानगीने उचलून आणत आणि घासून पुन्हा वापरत. घासायचा कंटाळा आला, तर दगड नुसता फिरवून मागच्या बाजूवर नवं नाव घालत. मागे भिंत असली की कोणाला काय कळतंय?

एका सकाळी एक म्हातारी काठी टेकत आली. तिची धाकटी बहीण सहाव्या वर्षी तापाने गेली होती. ही लग्न होऊन लांब गेली, ती आज परतत होती.

“तिला कोंबड्यांचं भारी वेड,” ती म्हणाली. “म्हणून दगडावर कोंबडी कोरलेली होती.”

काकांना तो दगड लगेच आठवला. ती कोंबडी त्यांच्या वडिलांनी कोरली होती, त्या पोरीसाठी, फुकट. आणि काकांनी तोच दगड उलटा करून भिंतीकडच्या रांगेत एका शिंप्याच्या नावाने उभा केला होता. आठवत नाही म्हणून हात झटकता आले असते. पण म्हातारी वाकून वाकून एकेक दगड वाचू लागली, तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी तिला शिंप्याच्या दगडापाशी नेलं आणि खालमानेने दगड फिरवल्याचं सांगितलं.

ती खाली बसली. दगडामागच्या फटीत हात घालून चाचपत राहिली. आधी चोच सापडली, मग तुरा, मग बहिणीचं नाव.

“दुसऱ्या कोणी घासून टाकलं असतं,” डोळे पुसत ती म्हणाली. “तुम्ही जपून ठेवलंत.”

कंटाळा केला म्हणून राहिलं, एवढंच तर सांगायचं होतं. काकांनी तोंड उघडलं.

“वडिलांचं काम होतं,” ते म्हणाले. “पुसायला मन झालं नाही.”

म्हातारीने त्यांचा धुळीने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. जन्मात इतकी लाज काकांना कधी वाटली नव्हती, आणि तरी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.