ओ देणारी भिंत

वाळवी मारून झाल्यावर त्या भिंतीतून ओ कोणी दिली? भट्टीवाल्याने हा प्रश्न कोणालाही विचारला नाही, आणि विचारला असता तरी उत्तर मिळाले असते असे वाटत नाही.

भट्टीवाला लाकूड भाजायचा. बंद पोलादी कोठीत, वाफेच्या कोंडमाऱ्यात दोनशे अंशांच्या वर तापवलेल्या फळ्या जळत नाहीत. मात्र कीड आणि बुरशी ज्यावर जगतात ते त्यांच्यातून निघून जाते. बाहेर येतात त्या तपकिरी, हलक्या, करपलेल्या साखरेच्या वासाच्या. घराला बाहेरून लावल्या की ऊनपावसाने रुपेरी होतात आणि नव्या घरालाही जुन्याचा डौल येतो. आपल्या घराची मागची लाकडी भिंत त्याने अशीच मढवली. आत पूर्वीची साधी चौकट, बाहेर भाजलेल्या फळ्या, मध्ये वारा खेळायला बोटभर फट.

"या घराला आता मरण नाही," तो बायकोला म्हणाला.

"आधी मागचा गळका नळ बघा. अमरपट्टा मग बांधू."

त्या भिंतीला लागून त्याच्या वडिलांची खाट होती. जन्मभर शिवणयंत्र चालवलेला माणूस. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. डाव्या हाताने भिंत ठोठावणे एवढाच विरंगुळा उरला होता. एका दुपारी ते सुनेला म्हणाले, "भिंतीत कोणीतरी आहे गं. मी ठोठावलं की ओ देतं."

तिने कान लावला. ठोक्यामागोमाग आतून बारीक सरसर उठली, वाळक्या शेंगा हलवाव्यात तशी, आणि थांबली. संध्याकाळी तिने ते नवऱ्याला सांगितले.

"लाकूड तापतं, निवतं, वाजतं," भट्टीवाल्याने झटकून टाकले. "माझ्या फळ्यांना कीड तोंड लावणार नाही."

"फळ्यांना नाही लावणार. आतल्या चौकटीचं काय? एक फळी काढून तर बघा."

"भाजलेलं लाकूड ठिसूळ असतं. काढताना चिरेल."

"आणि भिंत बाबांच्या अंगावर आली म्हणजे? तेव्हा फळ्या शाबूत राहतील, नाही का?"

तो पेचकस घेऊन उठला, तसा खाटेवरून आवाज आला, "राहू दे रे. दिवसभरात मला ओ देणारं तेवढं एकच आहे."

हे वर्मी लागले. तरीही त्याने फळी उतरवली, ती चिरलीच. मागची चौकट केवळ रंगाच्या पापुद्र्यावर उभी होती. बोट टेकवताच आत गेले आणि वाळवीचा लोंढा सरसरत बाहेर पडला. धोका जाणवला की वाळवी लाकडावर डोकी आपटते. वडिलांशी इतके दिवस बोलत होती ती हीच.

औषध मारले, नळ दुरुस्त झाला, लोखंडी चौकट बसली, तिच्यावर पुन्हा फळ्या चढल्या. वडील ठोठावत राहिले. भिंत गप्प होती. हळूहळू त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. शेवटी सुटीच्या दिवशी भट्टीवाला बाहेरून भिंतीशी उभा राहिला आणि त्यांच्या ठोक्याला त्याने नखांनी उत्तर दिले.

"हा तू आहेस," आतून वडील म्हणाले. "उन्हात काय उभा राहतोस? आत ये."

तो ओशाळून आत आला, खाटेच्या कडेला बसला. बायको ताट घेऊन दारात उभी. वडिलांनी डावा हात उचलून ठोठावले. लोखंडाच्या त्या कोरड्या पोकळीतून सरसर उठली. जेवढे ठोके, तेवढ्याच वेळा.

वडील हसले आणि त्यांनी ताट मागितले. पेचकस खिडकीतच होता. भट्टीवाल्याने तो उचलला नाही. घास कालवून त्यांच्या तोंडाशी नेला.

वडील २०१६ साली वारले. मागची खोली २०१९पासून भाड्याने दिलेली आहे.