श्रीधरकाकांचं साधं घर

श्रीधरकाका आपलं घर दाखवायचे, ते त्यात काय काय नाही हे सांगत. "इथे टीव्ही नाही. इथे डिशवॉशर नाही. ही बेडरूम, कपाट एकच. हीटर कुठेच नाही." सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातलं जुनं, छोटंसं युनिट, म्हणजे फ्लॅट. फेरी पाच मिनिटांत संपायची आणि पाहुणे भारावून जायचे. काका आमच्या मराठी मंडळाचे बारा वर्षं अध्यक्ष होते. पद सोडून बराच काळ लोटला होता, तरी सिडनीत कुणी नवीन आलं की आधी त्याला काकांच्या पाया पडायला नेत.

आम्हीही गेलो. जुलै महिना होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. मी, मेघना आणि सात महिन्यांची सई. पुण्याहून येऊन जेमतेम महिना झालेला. काकांच्या पत्नी, सुमनकाकू, चहा घेऊन आल्या. अंगात दोन स्वेटर, वर शाल, बोटांचे सांधे सुजलेले. कप ठेवताना चहा बशीत सांडला. काका म्हणाले, "आमच्याकडे चहा बशीतच मिळतो." आम्ही सगळे हसलो.

मेघनाने विचारलं, "काकू, थंडीचा त्रास नाही होत?"

उत्तर काकांनी दिलं. "शरीर म्हणजे लाडावलेलं पोर. ऐकलं की डोक्यावर बसतं. हिला मी सवय लावली आहे."

निघताना पॅसेजमध्ये एक खोकं दिसलं. मेलबर्नच्या मुलीने आईसाठी ऑइल हीटर पाठवला होता. "तुमच्याकडे तान्हं बाळ आहे, घेऊन जा," काका मला म्हणाले.

काकू हळूच म्हणाल्या, "दुपारपुरता तरी राहू दे ना. काल गुडघ्यांना बरं वाटलं होतं."

"सुमन, बाळाच्या तोंडचं काढून घेणार का?" त्यांनी काकूंकडे पाहिलंही नाही.

काकू आत गेल्या. परत आल्या त्या हीटरचं माहितीपत्रक घेऊन. "हे लागेल," म्हणत त्यांनी ते मेघनाच्या हातात दिलं.

गाडीत मेघना म्हणाली, "हा आपण परत देऊ या."

"एवढ्या मोठ्या माणसाने दिलाय. परत कसा द्यायचा?" मी म्हणालो. हीटर आमच्याकडे तीन हिवाळे चालला.

काकांच्या या देण्यावर मी त्याच वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात लेखही लिहिला. कार्यक्रमात तो वाचला गेला तेव्हा काकांनी काकूंना उभं केलं. "ही माझी सुमन. हिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही." टाळ्या बराच वेळ चालल्या. काकू पुढची खुर्ची धरून उभ्या होत्या. बसा असं त्यांना कुणीच म्हणालं नाही.

पुढच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या मेलबर्नला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकलं, असं सगळे म्हणत. मीही म्हणालो. काकांना भेटायला गेलो, तर ते थंड स्वयंपाकघरात उभ्यानेच कालची खिचडी खात होते. म्हणाले, "सुखाची चटक लागली तिला. माणूस आतून कच्चा असला की असं होतं." मी मान हलवली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळलं. शोकसभेत काकूंनी दोन शब्द बोलावेत असं कमिटीला वाटत होतं, आणि फोन करायचं काम माझ्याकडे आलं. अंत्यसंस्काराला मुलगी एकटीच आली होती.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. सईची चौकशी केली, ती शाळेत जाते हे ऐकून खूश झाल्या. मग मी सभेचं विचारलं.

"मी काय सांगू रे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांचं जे चांगलं होतं, ते सगळं त्यांनी बाहेर वाटलं. ते तुम्हालाच माहीत. तुम्हीच बोला."

मी कमिटीला कळवलं, काकूंची तब्येत बरी नाही. सगळ्यांना ते लगेच पटलं. सभेत पहिलं भाषण माझं झालं.