राष्ट्रीयत्वाचा रकाना

जनगणनेच्या कामावर एकदा जाऊन आलात, की पुढची दहा वर्षं गप्पांना विषय शोधावा लागत नाही. घरोघर जाऊन ‘तुम्ही कोण?’ एवढंच तर विचारायचं असतं. पण उत्तरं अशी मिळतात, की माणशी भरायच्या छापील चिठ्ठीवरच्या बोटभर रकान्यात ती मावतच नाहीत. उरलेली आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत एकमेकांना वाटतो.

एकसष्टच्या जनगणनेला दौंडच्या आमच्या शाळेतल्या सगळ्यांना जुंपलं होतं. मी नुकतीच बी.ए. होऊन नोकरीला लागले होते. हेडमास्तर आमचे सुपरवायझर. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, “राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात सगळ्यांचं ‘भारतीय’ घरीच लिहून ठेवा. वेळ वाचतो.”

“सर, माणूस सांगेल तेच लिहायचं, असं सूचनांत छापलंय,” मी म्हणाले. “घरी बसूनच लिहायचं, तर वय आणि शिक्षणही लिहून टाकू की!”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “फार शिकलीयस ना? मग रेल्वे कॉलनी तुला. विचार तिथं राष्ट्रीयत्व!”

*

कॉलनीतलं पहिलंच घर नोरामावशींचं. अँग्लो-इंडियन बाई, जन्म दौंडचाच. नवरा मेलगाडीचा ड्रायव्हर होता, तो वारला. बाजारात त्या वांग्यांचा भाव करू लागल्या, की इतकं खणखणीत मराठी कोण बोलतंय म्हणून नवा माणूस वळून बघायचा!

मुलगी आणि जावई कायमचे विलायतेला निघाले होते. मावशींचंही बोटीचं तिकीट काढून झालं होतं.

“राष्ट्रीयत्व?” मी विचारलं.

“ब्रिटिश,” मुलीनं परस्पर सांगून टाकलं. “मम्मीचे ग्रँडफादर इंग्लंडहून आले. लिहा.”

“त्यांनी स्वतः सांगायला हवं.”

मावशी खिडकीतून यार्डातल्या डब्यांचं शंटिंग बघत होत्या. “उद्या ये गं,” एवढंच म्हणाल्या.

*

रविवारी मी मांडवगण फराट्याला घरी गेले, तर ओसरीवर आमच्या आजोबांपुढे, म्हणजे आबांपुढे, गावातले इस्माईल तांबोळी गुरुजी चिठ्ठी घेऊन घामाघूम!

“राष्ट्रीयत्व? मराठा लिवा.”

“आबा, ती जात झाली.”

“मंग शाण्णव कुळी लिवा.”

“ते कूळ झालं.”

“आमचं मूळ हाय चितोडचं, राजपुतान्यातलं! तसं लिवा.”

मला राहवेना. “आबा, मूळ विचारलंय कुणी? आज कोण आहात ते सांगा!”

“तू गप गं. गुरुजी, तुमचं सोताचं काय लिवलंय?”

“भारतीय.”

आबांच्या मिशा ताठ झाल्या. “आन् मला मघापासनं भलतंच इचारताय व्हय? तुमच्यापरीस कमी हाय का मी? लिवा तेच!”

*

स्टेशनरोडचे कापडवाले शेठ फाळणीत सिंधमधून आलेले. जन्मठिकाण विचारल्यावर त्यांचा आवाज खाली गेला. “लारकाना. अब पाकिस्तान में.”

राष्ट्रीयत्व विचारलं, तर शेठ स्टुलावर चढले आणि देवाशेजारची फ्रेम काढून माझ्यापुढे धरली. आत नागरिकत्वाचं सर्टिफिकेट! काचेला कुंकवाचं बोट लावलेलं.

“शेठजी, कागद नको. नुसतं सांगितलंत तरी चालेल.”

“आपको तो पैदा होते ही मिल गया, बेटी,” ते म्हणाले. “हमने चुनके लिया है!”

मी चिठ्ठीवर ‘भारतीय’ लिहिलं, नेहमीपेक्षा ठळक.

*

रेल्वेच्या कँटीनमधला आचारी पेद्रू गोव्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडेच होता. राष्ट्रीयत्व विचारलं, तर बटाटे सोलायचा थांबला.

“कागदावर पोर्तुगीज हाय, बाई. पण शाई नको. पेन्सिलीनं लिवा.”

“पेन्सिल चालत नाही, पेद्रू.”

“मग तुमचीच खाडाखोड होणार!”

त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पेद्रू केक घेऊन थेट माझ्या वर्गाच्या दारात! “बाई, रबर हाय का?”

*

जनगणनेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत नोरामावशींकडे माझ्या सहा खेपा झाल्या होत्या. सहाही वेळा ‘उद्या ये’. तिकीट काढलं, सामान बांधलं, पण तुला यायचंय का, हे त्या घरात मावशींना कुणी विचारलेलंच दिसत नव्हतं.

हेडमास्तर कावले. “एका घरासाठी किती दिवस? बाई गोरीपान आहे. ब्रिटिश लिही आणि मोकळी हो!”

“तुमच्या मिसेसही गोऱ्याच आहेत, सर. त्यांचंही ब्रिटिश लिहू?”

सातव्यांदा गेले, तर दारात टांगा उभा. ट्रंका चढलेल्या. जावई सारखा घड्याळ बघतोय. मी तशीच पुढं झाले आणि चिठ्ठी काढली. “मावशी, राष्ट्रीयत्व?”

मुलगी भडकली. “किती वेळा सांगायचं तुम्हाला? मम्मीचे ग्रँडफादर इंग्लंडहून आले!”

मावशींचा एक पाय टांग्याच्या पायरीवर होता. त्या थांबल्या.

“आला की. ग्रँडफादर आला,” त्या मुलीकडे वळून मराठीतच म्हणाल्या. “मी कुठनं आले? मी तर हितंच व्हते!”

मग त्यांनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

“टांगेवालेमामा, माझी ती हिरवी ट्रंक तेवढी उतरवा.”