विचारल्याशिवाय हात धरायचा नाही

बिराजदार सर गेल्याचं शबानाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मोडनिंबच्या एसटीत खिडकीशी बसले होते. ‘कॉलेजसमोर सरांना गाडीनं उडवलं… गेले, ताई,’ एवढंच ती म्हणाली. अशी बातमी आली की आपण आधी ‘कसं काय?’ विचारतो. मी विचारलं नाही. गाडी कुठल्या बाजूने आली असेल, याचाही मला अंदाज होता. महिना होत आला, पण आपल्याला काहीच विचारावं लागलं नाही याची मला अजून भीती वाटते.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या दिव्यांग कक्षात इंटर्न म्हणून जात होते. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि सर. सर इतिहास शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ इथे घालायचे. अंध मुलांना परीक्षेसाठी लेखनिक शोधून देणं, व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणणं, प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात खेटे घालणं, असली कामं. पहिल्याच दिवशी शबाना पायरीशी आली आणि मी धावत जाऊन तिचा दंड धरला. शबाना बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कक्षातल्या चार अंध मुलांपैकी एक, जन्मापासून दृष्टी नाही. तिने हात सोडवून घेतला. सरांनी मात्र मला आत नेऊन चांगलंच झापलं. ‘विचारल्याशिवाय हात धरायचा न्हाय. ती नको म्हणाली की आपला हात मागं. पिशवी हाय व्हय ती, उचलून न्यायला?’ मी ते वहीत लिहून घेतलं, शहाण्या विद्यार्थिनीसारखं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकेक गोष्ट खटकायला लागली. सरांच्या उजवीकडे ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा. मी कप समोर सरकवला की ‘कधी आणलास?’ म्हणायचे. वाटेतल्या स्टुलाला दोनदा धडकले आणि दोन्ही वेळा शिपायावर चिडले. गुडघ्याचं निमित्त सांगून स्कूटर घरी ठेवली. एकदा एका पाहुण्यांनी बाजूने हात पुढे केला, तर सर नुसते समोर बघून हसत राहिले आणि पाहुण्यांचा हात तसाच राहिला. सरांना गर्व झाला, अशी कुजबुज स्टाफरूममध्ये सुरू झाली. पण मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद मी रोजच वाचत होते, त्यामुळे मला गर्वाबिर्वाचं काही वाटलं नाही.

डिसेंबरात एकदा धीर करून विचारलंच. सर उठले, दार लावून आले.

‘काचबिंदू हाय,’ म्हणाले. ‘समोरचं दिसतंय की. बाजूचं गेलं.’

तुम्हीच मुलांना सांगता ना सर, लाज कसली म्हणून, असं मी म्हटलं. प्रमाणपत्राचं, कायद्याचंही बोलले. त्यावर सर हसून म्हणाले की कायदा मला नको शिकवू. मग म्हणाले, ‘रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिलीत. कळलं तर कक्ष माझ्याकडनं काढतील आणि दुसरं कुणी घेणार न्हाय. ही पोरं कुटं जातील? कुणाला बोलू नकोस. माझ्या घरी बी न्हाय.’

मी शब्द दिला. त्यांचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो, हे लिहायला हवं. दुसऱ्यांच्या पोरांसाठी डॉक्टरांशी भांडणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत बायकोशीही खोटं बोलत होता. आणि मी त्या खोट्यात सामील झाले होते.

जानेवारीतली ती संध्याकाळ. सहा वाजून गेले होते, रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. आम्ही फाटकाशी आलो. मी हात पुढे केला आणि नियमाप्रमाणे विचारलं, ‘सर, पलीकडे सोडू का?’

‘नको गं. रोजचा रस्ता हाय. तुझी गाडी चुकंल.’

मी हात मागे घेतला आणि स्टँडकडे जाणारी रिक्षा पकडली. त्यानंतर पाच मिनिटांत उजवीकडून चादरींचे गठ्ठे भरलेला टेम्पो आला. ड्रायव्हर पोलिसांना म्हणाला की माणूस अगदी ताठ, समोर बघत चालला होता, मला वाटलं त्याने गाडी पाहिली आहे… त्याचं खोटं नसावं. आम्हा सगळ्यांनाच सर तसे दिसायचे.

शोकसभा झाल्यावर मी आणि शबाना कक्षात बसलो. माझ्याच्याने राहवेना. सरांना बाजूचं दिसत नव्हतं, मला माहीत होतं, असं मी तिला सांगून टाकलं.

‘आमालाबी माहीत होतं, ताई,’ शबाना म्हणाली. ‘सर चालताना भिंतीवरनं बोटं घासत यायचे. आमाला ऐकू येतंय की ते. आमी चौघं आपसात बोललो, पण सरांना नाही बोललो. त्यांना लई वाईट वाटलं असतं.’

म्हणजे त्या एवढ्याशा खोलीत आम्ही पाच जण होतो, आणि पाचही जण सरांचा मान राखत गप्प बसलो होतो.

निघताना अंधारून आलं होतं. फाटकाशी मी शबानाचा हात घट्ट धरला, न विचारता. ती थांबली. ‘विचारा की, ताई,’ म्हणाली. मी विचारलं. ती नको म्हणाली. बोटं सोडवायला मला किती वेळ लागला कोण जाणे, पण सोडली. तिने घडीची पांढरी काठी उघडली. पहिल्या वर्षाला शबाना नको नको म्हणत असताना सरांनीच चार महिने समजावून तिच्या हातात दिलेली. काठी पुढे धरून ती रस्त्यात उतरली. उजवीकडून एक रिक्षा भरधाव आली, काठी दिसताच करकचून थांबली. मागची मोटरसायकल थांबली, त्यामागचा टेम्पोही थांबला. शबाना सावकाश पलीकडे गेली.

सरांच्या हातात त्या दिवशी नुसती डब्याची पिशवी होती.